काकाच्या पाठीवरची तालमीची माती

थांबा, हे आत्ताच सांगायला पायजे! आज शिवाजी पेठेत तालमीच्या तेल-ताक मुरलेल्या मातीचा वास आला आणि एकाहत्तरच्या लढाईवरनं परतलेला काका आठवला. नौदलात कमांडो होता. शत्रूच्या जहाजाला सुरुंग लावायला पोहत गेलता, पण समुद्राच्या ओढीनं जहाजापर्यंत पोचूच दिलं न्हाय. त्याच्या स्वागताला गल्लीत हलगी वाजत होती, फेटा तयार होता आणि काका म्हणतोय, "काम झालंच न्हाय, फेटा कसला?" वस्ताद असलेले आमचे आजोबा त्याला हाताला धरून तालमीत घेऊन गेले. हरलेल्या पैलवानाची पाठ वस्तादानं स्वतः माती लावून चोळायची, ही तिथली रीत. "जित्ता आलास न्हवं? बस खाली." पाठ चोळताना काका ढसाढसा रडला. मग म्हणाला, "आबा, जरा हळू की!" आणि मातीच्या अंगानंच फेटा बांधून घेतला. हरून आल्यावर तुम्हालापण असं कुणी जवळ घेतलंय का?