रेखाच्या ओटीचे तांदूळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आणि जिच्यासमोर घडलं तिला सांगायची गरजच नव्हती — तिने ते डोळ्यांनी पाहिलं.

आज सांगतेय त्याचं निमित्त तसं फालतू आहे. आमच्या जालना जिल्ह्यातल्या फोटोग्राफरांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. लग्नाचा सीझन संपला की सगळ्यांना रिकामपण येतं आणि मग वाद सुरू होतात. मागच्या आठवड्यात एकाने विचारलं, दुकानाच्या जाहिरातीसाठी एखादी मुलगी मॉडेल म्हणून बोलावली, ठरलेले पैसे दिले, तर वर तिला काही द्यावं का? आभार मानायचे तर कसे मानायचे? कुणी म्हणालं, चहा-नाश्ता दिला की झालं. कुणी म्हणालं, बक्षिसी दिली की पुढच्या वेळी डोक्यावर बसतात. दिवसभर हे चाललं. आणि संध्याकाळी कुणीतरी लिहिलं — परतूरच्या म्याडमला विचारा, त्या प्रत्येक मॉडेलची ओटी भरून पाठवतात, शिका काही त्यांच्याकडून.

झालं. हात जोडल्याची चित्रं, फुलं, टाळ्या. पुढच्या मेळाव्यात जालन्याला याच विषयावर तुम्ही बोला, असा आग्रह. मी ‘बघू’ असं लिहिलं आणि फोन पालथा ठेवला. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

खरं आहे ते. भरते मी ओटी. माझ्याकडे काम केलेली कुठलीही बाई मी रिकाम्या पदराने पाठवत नाही. लग्न झालेली असो, नसो, नवरा असो, नसो — मी विचारत नाही. जिच्या घरात ओटीची रीत नसेल तिला तिच्या आवडीचं कापड देते. लोकांना वाटतं, बाई मोठ्या मनाची आहे. मोठ्या मनाची! मी पण नाकाने कांदे सोलत ते ऐकून घेते. ही सवय मला कुठून लागली, हे कुणी विचारलं नाही, आणि कुणी विचारू नये म्हणूनच तर मी इतकी वर्षं हसून विषय बदलत आले.

तिचं नाव रेखा. अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीत राहायची. एका लग्नात नवरीला साडी नेसवायला पार्लरवालीबरोबर आली होती. मी नवरीचे फोटो काढत होते आणि माझा कॅमेरा सारखा हिच्याकडेच वळत होता. काही चेहरे असतात तसे — उजेड कुठूनही येऊ दे, त्यांचं बिघडत नाही. त्याच सुमारास परतूरच्या बाजारातल्या एका साडीच्या दुकानाचं मोठं काम माझ्याकडे आलं होतं. लग्नाचे शालू, नवरीच्या वेशातली मुलगी, गावभर लागणारे बोर्ड. माझं नाव व्हायची ती पहिली संधी होती. मी रेखाला विचारलं. ती हो म्हणाली, आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, एक सांगू का? माझे मालक न्हाईत. कारखान्याच्या ट्रकवर व्हते, तिकडंच गेले. मंगळसूत्र, हिरवा चुडा... मी घातलेलं चालल का? कुणाला कळलं तं?”

मी काय म्हणाले असेन? शिकलेली, पॅन्ट घालून स्कूटीवर फिरणारी, एकटीने स्टुडिओ चालवणारी बाई मी. मी म्हणाले, “फोटोला काय विचारून राह्यलंय कोणी? कुणाला कळत नाही. मी आहे ना.”

मी आहे ना — हे माझे शब्द. ते लक्षात ठेवा.

तिला ते काम नुसतं हौसेपायी नको होतं. दुकानाच्या मालकिणीला गिऱ्हाइकांना साड्या नेसवून दाखवायला एक चुणचुणीत बाई हवी होती, कायमची. “पोरगी चांगली दिसली तर तिलाच ठेवून घेऊ,” असं ती मला बोललीही होती. मी ते रेखाला सांगितलं. तिची मुलगी पहिलीत जायची होती. परतूरला खोली घेता येईल, सासरच्यांच्या डोळ्यांसमोरून हलता येईल — हे ती मला शूटला जाताना वाटेत सांगत होती. बोलताना हातातली पिशवी सारखी या हातातून त्या हातात.

शूट दुकानाच्या वरच्या घरात होतं. दुकानमालकाची आई, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत, सकाळपासून दाराच्या चौकटीला टेकून बघत उभ्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी उजेड जुळवतेय, रेखा डोक्यावरून पदर घेऊन बसलीय, आणि त्यांनी विचारलं, “माहेर कुठलं गं तुझं?” तिने सांगितलं. “आन् मालक काय करतेत?”

माझा हात थबकला. रेखाने माझ्याकडे पाहिलं — अगदी क्षणभर — आणि म्हणाली, “कारखान्यावर.” मी लगेच म्हणाले, मान जरा इकडे, नजर खाली. तो फोटो फार सुंदर आला. लाजलेली नवरी वाटते. ती घाबरलेली होती, पण फोटोत कुणाला कळतंय?

दुपारनंतर काम संपलं. सगळे खूश. मालकीण म्हणत होती, “लक्ष्मी वाटून राह्यली हो बिलकुल.” मालकाने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पाहिले आणि रेखाला म्हणाला, शालूचं सोनं केलंस. मी तिथेच उभी होते. सकाळपासून उभी होते. माझ्या चहावर साय धरली होती, खांदा दुखत होता, आणि जो तो तिच्याकडे बघत होता.

त्या घरात एक रीत होती. नव्या शालूची घडी ज्या सवाशिणीने मोडली, तिला ओटी भरल्याशिवाय पाठवायचं नाही. बक्षिसी म्हणा, आभार म्हणा — त्यांचं ते तसं होतं. मोठ्या बाई आतून ताट घेऊन आल्या. खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू. सुनेने पाट मांडला. रेखा गोंधळून पाटावर बसली. तिने पदर पुढे केला, दोन्ही हातांनी धरला. डोळे भरून आले होते का? मला वाटतं, आले होते. किती दिवसांनी कुणी तिच्यासमोर असं ताट धरलं असेल?

आणि मी बोलले.

थांबा, सांगते — म्हणजे काय, सांगायलाच तर बसलेय. कुणी मला विचारलं नव्हतं. कुणाला शंका आली नव्हती. दोन मिनिटं गप्प बसले असते तर सगळं पार पडलं असतं. मी म्हणाले, “मोठ्या बाई, तिची नका भरू. तिला... चालत नाही.”

एवढंच. आवाज मी अगदी हळू ठेवला होता, आदबशीर.

मोठ्या बाईंचा हात ताटावरच राहिला. त्यांनी रेखाच्या कपाळाकडे पाहिलं, मग गळ्यातल्या मंगळसूत्राकडे, आणि म्हणाल्या, “कारखान्यावर म्हन्ली की मला.” रेखाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने पुढे केलेला पदर हळूहळू गोळा केला, नीट खांद्यावर घेतला, उठली आणि शालू बदलायला आतल्या खोलीत गेली. बांगड्या उतरवल्याचा आवाज बाहेर येत होता.

मोठ्या बाई मला म्हणाल्या, “बराबर वेळेला सांगितलं बाई तुमी. न्हाई तं काय झालं असतं.” आणि मग ताटाकडे बघत म्हणाल्या, “भरलेलं ताट माघारी नेत न्हाईत. तुमी बसा.”

मी बसले. त्याच पाटावर. अंगावर कुडता होता, पदर कुठला असायला? मी ओढणी पसरली. त्यांनी कुंकू लावलं, नारळ घातला, खण घातला, ओंजळीने तांदूळ घातले. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि रेखा तिच्या फिक्या साडीत, पिशवी घेऊन बाहेर आली. मी भरल्या ओटीने बसलेली तिने पाहिली.

मी उठून तिच्या हातात पाकीट दिलं. ठरल्यापेक्षा जास्त पैसे घातले होते, घाईघाईने, पाठ फिरवून. तिने ते उघडून बघितलं नाही. म्हणाली, “जाते, ताई.” आपल्याकडे कुणी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतात. ती ‘जाते’ म्हणाली आणि जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन आला. साडी झकास आलीय, पण तिचा चेहरा घेऊ नका, आई ऐकत नाही. मी उलट एक शब्द बोलले नाही. कॉम्प्युटरपुढे बसून मी तिचा चेहरा कापला. गळ्यापासून खाली — मंगळसूत्र, चुडा, शालू — एवढंच ठेवलं. तो बोर्ड स्टेशनच्या रस्त्यावर अख्खा सीझन लागला होता. लोक म्हणाले, काय वेगळी कल्पना आहे म्याडम, चेहराच नाही! त्या दुकानाची कामं पुढे कित्येक वर्षं मलाच मिळाली. साड्या नेसवून दाखवायला त्यांनी दुसरी बाई ठेवली. मी रेखाचं नाव पुन्हा काढलं नाही.

का बोलले मी? बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले — म्हाताऱ्या बाईची श्रद्धा होती, मागाहून कळलं असतं तर तिला लागलं असतं. मग कधी सांगितलं, काम हातचं गेलं असतं, पोटाचा प्रश्न होता. दोन्ही खोटं. त्या क्षणी यातलं काहीही माझ्या डोक्यात नव्हतं. त्या खोलीत मीही सवाशीण होते. सकाळपासून राबत होते. आणि ताट घेऊन आलेल्या बाईच्या मनात माझी ओटी भरायचं आलंच नाही. त्यांच्या लेखी मी कॅमेरा घेऊन आलेलं माणूस. सगळं कौतुक तिला, पाट तिला, ताटही तिला. माझ्या पोटात दुखलं. इतकं साधं, इतकं हलकं कारण. मी तिला उठवलं आणि तिच्या जागी बसले.

तिचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. अंकुशनगरवरून मी कितीदा तरी गेलेय, लग्नांना, बारशांना. गाडी थांबवली नाही. त्यानंतर माझ्यापुढे बसलेल्या प्रत्येक बाईची मी ओटी भरली, तिची सोडून.

ओटीचे तांदूळ दुसऱ्याला देत नाहीत. घरातच शिजवायचे, गोड करून खायचे. त्या दिवशी घरी येऊन मी खीर केली. नवऱ्याने विचारलं, आज काय विशेष? मी म्हणाले, दुकानवाल्यांनी माझी ओटी भरली, काम फार आवडलं त्यांना.

खीर चांगली झाली होती. मी दोनदा वाढून घेतली.