विहिरीकडला प्लॉट

ज्ञानेश काय काम करतो, हे गंगापूर रोडच्या शेजाऱ्यांना कधी नीट कळलं नाही. कोणी विचारलंच तर "कंप्युटरवर असतो" म्हणून तो मोकळा व्हायचा. निफाडजवळच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये तो बारा वर्षं नोंदी सांभाळत होता. मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून आपोआप कामं करून घेणारे छोटे प्रोग्राम, तो व्हिडिओ बघून शिकला, आणि एक्सेलच्या वरच्या पट्टीत त्याने 'द्राक्षे' नावाचा स्वतःचा मेनू बसवला. त्यात मराठी बटणं होती: प्लॉट निवडा, रिपोर्ट बघा, लेबल काढा. प्लॉटची नावंही शेतकऱ्यांच्या तोंडची, आंब्याखालचा, नाल्यालगतचा, विहिरीकडला. गट नंबर पाठ असलेला शेतकरी त्याला अजून भेटायचा होता.

या मेनूमुळेच ललिताबाई क्रेट धुण्याच्या हौदावरून कंप्युटरसमोरच्या खुर्चीवर आल्या. इंग्रजीशी त्यांचा छत्तीसचा आकडा, पण मराठी बटणं दाबून तीन वर्षांत त्यांनी एकही लेबल चुकवलं नाही. लेबलावर 'नोंद: ललिता' आपोआप छापलं जाई, कारण दुसरं कोणी तिथे बसतच नव्हतं. एकही चूक नाही, याचं श्रेय ज्ञानेश चहाच्या टपरीवर मेनूलाच द्यायचा. आपला तो बाब्या, दुसरं काय.

फेब्रुवारीत ललिताबाई भाचीच्या लग्नाला येवल्याला गेल्या आणि दोन दिवस ज्ञानेश स्वतः खुर्चीवर बसला. शेतकरी खंडेरावांचा माल आला. ड्रायव्हर म्हणाला, विहिरीकडला. ज्ञानेशने तेच नाव निवडलं, फवारणीच्या अंशांचा लॅबचा रिपोर्ट पास दिसला, लेबलं निघाली.

तिसऱ्या दिवशी खंडेराव चौकशीला आले. तोडणीची टोळी आधीच मिळाली म्हणून नव्या विहिरीजवळचा माल तोडून पाठवला होता. रिपोर्ट येईपर्यंत तो इथेच थांबेल, असं त्यांनी धरलं होतं. पास झाला होता तो जुन्या विहिरीजवळचा प्लॉट. नव्याचा रिपोर्ट अजून लॅबमध्येच होता, आणि पेट्या कंटेनरमध्ये चढल्या होत्या.

त्या उतरवायला दुपार गेली. मॅनेजर राकेश सरांनी एक लेबल टेबलावर ठेवलं आणि येवल्याहून नुकत्याच परतलेल्या ललिताबाईंना सांगितलं, उद्यापासून हौदावर. मी इथं नव्हते, असं त्या म्हणाल्या, तर सरांनी लेबलावरच्या नावावर बोट ठेवलं. ज्ञानेश शेजारीच उभा होता. सारख्या नावाचे दोन प्लॉट असले की मॅक्रो यादीतला पहिला उचलतो, हे त्याला अर्ध्या तासापूर्वी सापडलं होतं. तरी तो तोंडात गुळणी धरून राहिला. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा मेनूची जास्त काळजी वाटत होती.

बाहेर आल्यावर ललिताबाईंनी त्याला एवढंच विचारलं, "कोणची हिर, असं इचारलं व्हतं का?"

"नाही."

"मी रोज इचारते. तुमचा मेनू पहिलीच हिर धरतो, ते मला पहिल्या वर्षीच कळलं. मग लेबल मी हातानं बदलायची."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही टपरीवर लय कौतुकानं सांगायचे. म्हटलं, कशाला उगाच."

ज्ञानेश तसाच मागे वळला आणि राकेश सरांच्या खोलीत जाऊन म्हणाला की लेबलं त्याने काढली, चूकही त्याच्या मॅक्रोची आहे. सर बरंच काही बोलले. हौदावर मात्र कोणी गेलं नाही.

त्या आठवड्यात त्याने मॅक्रो दुरुस्त केला. एकाच नावाचे दोन प्लॉट असले की आता पडद्यावर चौकट उघडून प्रश्न यायचा: कोणती विहीर? पहिल्यांदा ती उघडली तेव्हा तो मुद्दाम ललिताबाईंच्या मागे जाऊन उभा राहिला. त्यांचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. खिडकीतून बाहेर वाकून त्या ड्रायव्हरला तेच विचारत होत्या.