कुसुमच्या डोळ्यांखालच्या वळ्या

आमच्या कुसुमच्या डोळ्यांखाली वळ्या पडत आहेत, हे जुन्या जालन्यात सर्वप्रथम माझ्या लक्षात आले. नंतरही ते इतर कुणाच्या लक्षात आले नाही.

त्या काळी मी पुण्याच्या एका वर्तमानपत्राला जालन्याहून बातम्या पाठवीत असे. निजामाच्या अमलात लिहिण्याजोगे बरेच घडे आणि त्यातले फार थोडे लिहिता येई. त्यामुळे माझी निरीक्षणशक्ती बहुतेक घरातच खर्च होई. कुसुम तेव्हा पाच वर्षांची होती. एके सकाळी मी तिला ओट्यावर उभे केले, हनुवटी धरून तोंड सूर्याकडे केले आणि पाहिले. दोन्ही डोळ्यांखाली वळ्या होत्या, अगदी स्पष्ट! दुसऱ्या दिवशी त्याच जागी खातरजमा केली. (एकदाच पाहिलेले छापू नये, असा आमच्या धंद्याचा दंडक आहे.) वळ्या होत्याच. वैशाखाचे ऊन वाढत गेले तशा त्याही ठळक होत गेल्या.

मी यमुनेला, म्हणजे बायकोला, बोलावून दाखवले.

"खाऊन राह्यली, खेळून राह्यली. काय झालं तिला?" ती म्हणाली. "अहो, पण तुम्ही तिला असं..."

"बायकांना बारकावे दिसत नाहीत," मी म्हणालो.

मग बाजारातल्या हकीमसाहेबांकडे गेलो. त्यांची खोली गल्लीच्या आत, भर दिवसाही अंधारी. त्यांनी कुसुमच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, जीभ पाहिली आणि म्हणाले, "बच्ची बराबर है साब. बिलकुल बराबर."

हकीमसाहेबांची नजर वयोमानाने मंदावली असावी, अशी मी मनाशी नोंद केली.

एरवी हे प्रकरण वळ्यांवरच राहिले असते. पण यमुनेच्या एकुलत्या एका भावाचे, बापूचे, लग्न तोंडावर आले होते. कुसुम करवली व्हायची होती. तिचा हिरवा परकर शिवून आला होता आणि कऱ्हा म्हणून हातात पाण्याचा तांब्या घेऊन ती दिवसभर घरात मिरवत होती. अशा वेळी मी जाहीर केले, की आजारी मुलीला या उन्हात गाडीतून न्यायचे नाही.

"माझ्या पाठच्या भावाचं लगीन हाय," यमुना म्हणाली. "मीच न्हाई गेले तर लोक काय म्हणतील?"

"प्रकृतीपुढे लोक नाहीत."

"मंग मी एकटी जाऊ?"

"आजारी मुलीला टाकून?"

ती चुलीपाशी गेली. कुसुमने परकराची घडी घातली, तो ट्रंकेत ठेवला आणि विचारले, "बाबा, मंग करवली कोण होईन?"

मी सासुरवाडीला निरोप धाडायच्या तयारीला लागलो.

सासुरवाडी अंबडच्या वाटेवर, बैलगाडीने अर्ध्या दिवसाची. तिकडचा एक गाडीवान धान्याच्या मोंढ्यात भेटला. तारेने बातमी पाठवताना शब्दाला पैसे पडतात, म्हणून मजकूर छाटण्याची मला सवय. गाडीवान शब्दाला पैसे घेत नव्हता, तरी मी म्हणालो, "सांगा, कुसुमचे डोळे. येऊ शकत नाही."

"डोळ्यांचं काय सांगू?"

"एवढंच सांगा. ते समजतील."

ते समजले.

लग्नाच्या आदल्या दिवशी भर दुपारी दोन बैलगाड्या आमच्या दाराशी थांबल्या. पहिलीतून सासरे उतरले. त्यांच्यामागे सासूबाई उतरल्या; त्या वेशीपासून रडत आल्या होत्या. दुसरीतून खुद्द बापू उतरला. हळद लागलेला नवरदेव वेस ओलांडत नाही. बापूने ती ओलांडली होती. अंग पिवळेधमक, हातात टोकाला लिंबू खोचलेली सुरी. गल्लीतले लोक सुरी पाहून मागे सरले आणि हळद पाहून पुढे आले.

"कोनता डोळा गेला?" सासऱ्यांनी विचारले.

"गेला नाही. डोळ्यांखाली वळ्या पडल्या आहेत."

"वळ्या?"

सासूबाईंचे रडणे थांबले. सासरे माजघरात गेले आणि कुसुमला मांडीवर घेऊन त्यांनी बराच वेळ निरखले. "कुठंयत?"

"इथे दिसणार नाहीत. बाहेर चला," मी म्हणालो. कुसुमला अंगणात नेऊन मी हनुवटी धरली आणि तिचे तोंड वर केले. तिने डोळे बारीक केले. "बघा!"

सासरे आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिले.

"बापू, इकडं ये. सूर्याकडं बघ," ते म्हणाले. बापूने पाहिले. पिवळ्या गालावर डोळ्यांखाली चांगल्या चार-चार घड्या पडल्या.

"जावईबापू, मंग ह्याचं लगीन बी थांबवावं म्हनता का?"

गल्ली हसली. मी कुसुमची हनुवटी सोडली, तशा वळ्या गेल्या.

"रोज सकाळी असंच उन्हात धरून राह्यलेत लेकराला," यमुना दारातून म्हणाली.

"मंग तू बोलली न्हाई?" सासऱ्यांनी तिला विचारले.

"बोलाया गेल्ते. म्हणाले, बायकांना बारकावे दिसत न्हाईत."

"पानी प्या अन् निघा जल्दी," सासरे म्हणाले. "नवरीकडचं वऱ्हाड मांडवात येऊन बसलंय, अन् नवरदेव इथं गल्लीत उभा."

पुढच्या गाडीत यमुना आणि हिरव्या परकरातली कुसुम बसली. मला मागच्या गाडीत, बैलांच्या कडब्यावर जागा मिळाली. लग्न वेळेवर लागले. करवलीने हातातला कऱ्हा शेवटपर्यंत कुणाला दिला नाही.

जेवणात बुंदी होती. पंगतीत मी जावई म्हणून पहिल्या रांगेत, नवरीच्या वडिलांशेजारी बसलो होतो. सासूबाई वाढत आल्या आणि त्यांनी माझ्या पत्रावळीवर मुगाची पातळ खिचडी वाढली.

"बुंदी?" मी हळूच विचारले.

"गोड नको जावईबापू. काल अंगणात बघितलं मी, तुमच्या डोळ्याखाली लई वळ्या हायेत."

"पाव्हणे आजारी हायेत का?" नवरीच्या वडिलांनी काळजीने विचारले.

"व्हय," सासरे शांतपणे म्हणाले. "वरून दिसत न्हाई. बारीक नजरेनं बघावं लागतं."

मी खिचडी संपवली. तिच्यात मीठ नव्हते. ही बातमी मी कुणालाही दिली नाही.