दोन हुक आणि नववा मजला

महाळुंग्याच्या एका कारखान्यात छताखाली धावणाऱ्या क्रेनची देखभाल करणं हे माझं काम. चाळीस फुटांवर तुळईवरून चालायचं, ब्रेक तपासायचे, दोर बघायचे. सोळा वर्षं करतोय, एकदाही पाय लटपटले नाहीत. आणि मोशीला आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टचं दार बंद झालं की माझी पाचावर धारण बसते. आम्ही नवव्या मजल्यावर राहतो. मी जिन्याने जातो.

यातला खरा वैताग असा, की लिफ्ट मला कळते. क्रेनचा दोर असतो तसलाच तिचा दोर, तसलाच ब्रेक. जे रोज हाताने तपासतो त्यालाच घाबरायचं म्हणजे काय? बायकोने समजावून झालं. मोबाइलवर बघून दीर्घ श्वास घेऊन झाले. ते घेत घेत मी जिन्यानेच गेलो.

स्वप्नात तर सगळा कारभारच उलटा. थर्ड शिफ्ट करून आलो की दिवसा झोपतो, आणि हमखास क्रेन दिसते. उंचीवर काम करताना आमच्या सेफ्टी बेल्टला दोन हुक असतात. एक पुढे अडकवल्याशिवाय मागचा काढायचा नाही, म्हणजे कायम एक तरी अडकलेला राहतो. नव्या मुलांना हे मीच शिकवतो. स्वप्नात मात्र दोन्ही हुक माझ्या हातात असतात आणि एकही उघडत नाही. खाली बघतो तर जमीन फार लांब. मग मी जीव घेऊन पळतो, आणि पळून जातो कुठे, तर आमच्या लिफ्टमध्ये. दार बंद होतं आणि मला हायसं वाटतं. जिथे घाबरायला हवं तिथे मी जागेपणी मजेत फिरतो, आणि जिथे काही होणार नाही तिथे जागेपणी थरथरतो. असल्या डोक्याचं करायचं तरी काय?

वडील गेल्यावर आईला लातूरकडच्या गावाहून इथे आणलं. गुडघ्यांमुळे तिला जिना जमत नाही. बायको सकाळीच वाकडला कामाला जाते ती दिवेलागणीला येते. दुसऱ्या आठवड्यात आई म्हणाली, "मला खाली नेत जा. एकटीला लिफ्टचं भ्याव वाटतंय. न्हाईतर गावाकडं नेऊन सोड. इथं कोंडून घेऊन काय करू?"

गावातल्या घरात आता कुणीच नव्हतं. तिथे ती एकटी चूल पेटवतेय, हे डोळ्यासमोर आलं तरी मला घास गिळवत नसे. तरीही मी चार दिवस निमित्तं सांगितली. पाचव्या दिवशी तिने पिशवी भरायला घेतली.

माझ्या स्कूटरच्या डिकीत मुदत संपलेला एक जुना सेफ्टी बेल्ट पडून होता. तो चढवला, आईबरोबर लिफ्टमध्ये शिरलो आणि आतल्या स्टीलच्या कठड्याला एक हुक लावला. लिफ्ट पडली तर कठडाही तिच्याबरोबर पडणार, हे न कळायला मी काही खुळा नाही. कारखान्यात कुणी असा हुक लावला असता तर मी त्याला झापून खाली उतरवलं असतं. पण हुक खट्कन बसला आणि छातीतली धडधड जराशी कमी झाली. आईने काही न विचारता दुसरा हुक उचलला आणि मुठीत धरला.

"ह्यो मी धरते," म्हणाली.

सातव्या मजल्यावर एक बाई आत आल्या. माझ्या पट्ट्याकडे बघत म्हणाल्या, "दुरुस्ती चालू आहे का?" मी हो म्हणालो. त्या तशाच बाहेर पडल्या आणि जिन्याने गेल्या.

मग रोजचंच झालं. झोपून उठलो की चारला बेल्ट चढवायचा, आईला खाली बाकावर बसवायचं, तासाभराने वर आणायचं. सोसायटीतली पोरं हसायची. मीही मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालायचो, पण जायचो.

महिन्याभराने थर्ड शिफ्टनंतरच्या ओव्हरटाइममुळे एकदा घरी यायला सकाळचे अकरा वाजले. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "आजी आत्ताच वर गेल्या, भाऊ."

"कुणाबरोबर?"

"एकट्याच. रोज या टायमाला भाजीला येत्यात की. आल्या त्या आठवड्यापास्नं."

नऊ मजले संतापाच्या भरात चढलो. आई मेथी निवडत बसली होती.

"तुला लिफ्टचं काहीच वाटत नाही, मग मला का नाचवलंस?"

"तुला भ्याव वाटतंय म्हणले असते तर भांडला असतास. मला वाटतंय म्हणले तर आलास." तिने मान वर केली नाही. "अन् झोपंत 'हुक, हुक' म्हणून वरडतोस. सूनबाई कामावर. कोण बघायचं तुला?"

माझा राग जागच्या जागी विरला, आणि त्याचाही मला राग आला. शेवटी मी विचारलं, "मग गावाला जाते म्हणालीस, तेही नाटकच होतं का?"

"ते खरं हाय. माझं घर हाय तिथं. तुझं वरडायचं थांबलं की जाते."

परवा दुपारी जाग आली तेव्हा उशी कोरडी होती. क्रेन नाही, हुक नाही, काहीच दिसलं नव्हतं. आई दारात उभी होती.

"आज वरडला न्हाईस," ती म्हणाली.

"ओरडलो की," मी म्हणालो. "तू भाजीला गेली होतीस तेव्हा."