डोळे आखणाऱ्या बाईंची तपासणी

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच मान्य करते. आयुष्यभर कागदावर केवळ चष्म्याचे नंबर लिहिलेल्या बाईने उतारवयात आठवणी लिहायला बसावे, हे धाडस वाचकांनी सहन करावे. पण इतक्या वर्षांत राग शिळा झालेला नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी पेणच्या एका दवाखान्यात नेत्रसहायक होते. आमच्या डॉक्टरांनी नेत्रतज्ज्ञांसाठीच्या एका अभ्यासक्रमात नाव घातले. त्याचे धडे इंटरनेटवर येत, आणि आमच्या माहितीतले इंटरनेट होते रोह्याच्या एका संगणक वर्गात. "बाई, तुमचं इंग्रजी चांगलं आहे," असे म्हणून त्यांनी ते काम माझ्यावर ढकलले. दर रविवारी एस.टी.ने रोह्याला जायचे, धडे मी वाचायचे, चाचणीची उत्तरे मी द्यायची, नाव त्यांचे. नाही म्हणणे मला कधी जमलेच नाही.

अशाच एका रविवारी काचबिंदूच्या धड्यातले चित्र पडद्यावर पट्टीपट्टीने उतरत होते. मजकूर आधीच आला होता: रुग्ण तक्त्याची शेवटची ओळ वाचतो, एवढ्यावरून त्याची कडेची नजर शाबूत आहे असे समजू नये.

मला हमरापूरच्या एक बाई आठवल्या. कारखान्यात गणपतीचे डोळे आखण्याचे काम त्यांचे. महिन्यापूर्वी सून त्यांना घेऊन आली होती.

"बगा ना मॅडम, वलल्या की बाजूच्या गनपतीला धक्का! परवा दोन मूर्तींचे हात मोडले. दिसत नाय काय यांना?"

"गप गो! माझ्याएवढी बारीक रेघ गावात दुसरा कोन मारतो? डोल्याला काय नाय झाला."

आणि त्यांनी शेवटची ओळ घडाघडा वाचली. मीही सुनेकडे बघून हसले आणि कागदावर लिहिले: नजर उत्तम. बारीक रेघेला समोरची नजर पुरते, हे ना त्यांना ठाऊक होते, ना मला सुचले.

सोमवारी मी डॉक्टरांना म्हटले, "त्या हमरापूरच्या बाईंना परत बोलावू या का? काचबिंदू असू शकतो."

"बाई, तुम्ही नंबर काढा. काचबिंदू बघायला मी आहे. उत्तरं पाठवलीत ना?"

"पाठवली."

"मग झालं तर."

माझ्या उत्तरांवर ते उत्तीर्ण झाले. प्रमाणपत्र चौकटीत बसवून तक्त्याशेजारी टांगले गेले, आणि रोज त्याखाली उभी राहून मी लोकांना ओळी वाचायला लावत राहिले. चीड गिळत राहिले. हमरापूर जवळच होते; मी गेले नाही. हंगाम आहे, त्या कामात असतील, डॉक्टरांना कळले तर काय म्हणतील, अशी कारणे रचत गणपती उलटले.

विसर्जनानंतर त्या स्वतःच आल्या. पायरी चुकून पडल्या होत्या. माझ्या नाकाकडे बघायला सांगून मी कडेने बोट आणले. ते जवळजवळ समोर येईपर्यंत त्यांना दिसले नाही. या वेळी कुणालाही न विचारता मी त्यांना मुंबईला पाठवले. तिथे सांगितले गेले की थेंबांनी उरलेली नजर टिकेल. गेलेली येणार नाही.

परत आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "मी वाचून दाखवला तवा तुमी बरा म्हनालात ना, मॅडम?"

त्या डॉक्टरांचा संताप अजून येतो. ते नाव, ती चौकट, ते "मग झालं तर." पण धडा त्यांनी वाचलाच नव्हता, मी वाचला होता. तुम्ही माझ्या जागी असता, तर त्या सोमवारीच हमरापूरला गेला असता का?