एक जादा 'नाही'

मुलांच्या दप्तरांवर उडणाऱ्या त्या प्रसिद्ध सुपरहिरोवर मी माझी एक गोष्ट लिहिली. तिच्यात होतं, 'उडण्याआधी तो घाबरला.' टायपिंगवाल्या काकांनी कागद हातात दिला, तर त्यावर 'घाबरला नाही.'

"अगं, तो कसा घाबरेल? तुझी चूक सुधारली."

बाबांच्या चळवळीच्या, आमच्या घरी असणाऱ्या पत्रकांतही 'आम्ही घाबरत नाही' असंच असायचं. त्यांवरच मी अक्षरं शिकले. ती पत्रकं वाटताना बाबांचे हात थरथरायचे, ते मात्र कुणी छापलं नाही. आता बाबा ही गोष्ट वाचतील आणि स्वतःला ओळखतील, याची मला भीती वाटली. पण खोटं शौर्य मला छापायचं नव्हतं.

"काका, ते 'नाही' काढून टाका."

"मग तो उडतो कसा?"

"घाबरत घाबरतच."