पदराआड गेलेली हनुवटी

मैत्रिणींनो, मंडळाच्या फलकावर आपण एरवी लोणच्याची कृती लावतो. आज मी माझी चूक लावतेय.

दुपारी महाल भागातल्या माझ्या पार्लरमध्ये एक नवरी आली, सोबत तिची आई. कळमन्याकडचे शेतीवाले लोक. सायकलरिक्षातून उतरल्यापासून आई नुसती बोलत होती, हसत होती. संध्याकाळी लग्न होतं.

पोरीच्या हनुवटीवर गोंदणाचे ठिपके. मी विचारलंच नाही. स्पंजवर पॅनकेक मेकअप घेतला आणि म्हटलं, "हे आधी झाकून टाकू. फोटोत अगदी खेडवळ दिसतं." अशी वाक्यं माझ्या तोंडात बसलेलीच आहेत.

पोरगी आरशात पाहून खूश झाली. "माय, वळखू येऊन राहिली का मी?"

मी मागे वळले. आई बाकावर पदर तोंडाशी धरून बसली होती. मला वाटलं, लेक जाणार म्हणून रडतेय. मी लाडानं म्हटलं, "काकू, या, तुम्हालाही थोडी पावडर लावते."

"नको वं बाई. माह्यं झाकाले तुही डबी पुरायची नाही."

पदर जरा सरकला. तिच्याही हनुवटीवर तसेच ठिपके. इतका वेळ ती समोर हसत होती, पण मी पाहिलंच नव्हतं.

ओला रुमाल हाताशी होता. पोरीचं गोंदण पुन्हा मोकळं करू का, एवढं तरी विचारायचं होतं. मी रुमालाची घडी करून ठेवली.

आत्ता मांडवात फोटो निघत असतील. त्या आईनं पदर खाली घेतला असेल का हो?